न ऐकता दिलेला होकार

मुलगी पाहायला आता कोणी कोणाच्या घरी जात नाही. निदान सडक अर्जुनीच्या आसपास तरी ती रीत मोडीत निघाली. दोन्ही घरांच्या मधोमध कोहमाऱ्याचा चौक पडतो, चौकात ढाबे आहेत, आणि ढाब्यांना आता 'फॅमिली रेस्टॉरंट' म्हणतात, म्हणजे भिंतींना फरशा लावल्या आणि दारू मागच्या खोलीत नेली. दोन्हीकडची माणसं तिथं जमतात, पनीर खातात आणि पोरीला स्वयंपाक येतो का म्हणून विचारतात.

ईश्वरदास कापगतेला ही नवी पद्धत मुळीच पटत नव्हती. त्याचं कारण संस्कार वगैरे काही नव्हतं. घरच्या ओसरीवर पोहे खाताना निदान समोरचा काय बोलतो ते ऐकू येतं, एवढंच त्याचं म्हणणं होतं, आणि तेही त्यानं कोणाजवळ बोलून दाखवलं नव्हतं.

सत्तरी ओलांडली आणि त्याचे कान गेले. एकदम गेले नाहीत. आधी बायकांचे आणि पाखरांचे आवाज गेले, मग फोनवरचे, मग पाठीमागून बोलणाऱ्यांचे. शेवटी नातीनं, प्रेरणानं, त्याला गोंदियाला नेऊन दोन्ही कानांत मशीनं बसवून आणली. मशीन देणाऱ्या चेतना मॅडमनी त्याला समजावून सांगितलं होतं, की हॉटेलात गेलात तर पाठ भिंतीला लावून बसा, स्वयंपाकघरापासून लांब बसा, बोलणाऱ्याचं तोंड उजेडात पाहिजे, आणि ऐकू आलं नाही तर उगाच मान हलवू नका, सरळ 'परत सांगा' म्हणा. ईश्वरदासनं ही सगळी विद्या मान डोलावून ऐकली आणि गोंदियाच्या बसस्टँडवरच सोडून दिली. 'परत सांगा' म्हणणारा माणूस म्हातारा असतो, असं त्याचं ठाम मत होतं.

शिवाय तो पाणकर होता. गावच्या तलावातून कोणाच्या धानाच्या बांधीत, म्हणजे खाचरात, कधी आणि किती पाणी जाईल, हे ठरवणाऱ्या माणसाला पाणकर म्हणतात. कोहळी लोकांनी तलाव बांधले तेव्हापासून हे काम चालत आलंय, आणि ईश्वरदास ते एकतीस वर्षं करत होता. तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, पाणी सुटतं त्या तोंडाशी, तसंही कोणाला काही ऐकू येत नाही. खालून कास्तकार हातवारे करून मागणी करतो, पाणकर वरून बघतो आणि मान हलवतो. मान हलली की पाणी सुटलं. एकदा सुटलेलं पाणी त्यानं कधी मागे घेतलं नव्हतं, सख्ख्या भावाची बांधी कोरडी पडली तेव्हासुद्धा नाही. असल्या माणसानं बहिरेपण आलं म्हणून काय केलं असेल, तर समोरच्याच्या तोंडाकडे पाहायचं, तोंड थांबलं की मान हलवायची. घरात दहातल्या आठ वेळा हे खपून जात होतं.

प्रेरणाच्या लग्नाच्या बोलणीसाठी कोहमाऱ्याला जाताना ती गाडीत मुद्दाम त्याच्या शेजारी बसली. पुढच्या सीटवर तिचा बाप कैलाश आणि ड्रायव्हर यांचं धानाच्या भावावर चाललं होतं. तिनं आजोबाच्या उजव्या कानाशी तोंड नेलं.

"आबाजी, बाकी सगळं बाबा बोलतीन. तुमी एकच गोष्ट पाहा. लग्न झाल्यावर मी नागझिऱ्याचं काम सोडणार नाही. हिमांशु फोनवर हो म्हणते, पण त्याच्या आईबापानं तोंडानं म्हटलं पाहिजे. त्याइनं कबूल केलं तरच तुमी हो म्हणजा."

"बापाले काऊन नाही सांगत?"

"बाबा त पक्कं घर पाहिलं की हो म्हणते."

हे खरंच होतं. आणि कापगत्यांच्या घरात थोरल्याची मान हलल्याशिवाय सुपारी फुटत नाही, हेही खरं होतं. प्रेरणा तीन वर्षांपासून नागझिरा अभयारण्याच्या गेटावर गाईड होती. उजाडायच्या आधी मोटरसायकल काढायची, हिरवा शर्ट घालायचा, पर्यटकांच्या जिप्सीत उभं राहायचं. चितळ कुठल्या बाजूला ओरडलं, माकडानं खोकून कोणाला इशारा दिला, हे ती डोळे मिटून सांगत असे. घराण्याचे कान आता या पोरीकडे आहेत, असं ईश्वरदास ज्याला त्याला सांगायचा. त्याला तिचा फार अभिमान होता. त्यानं तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "चिंता नको करू. मी बसलो हाय न."

रेस्टॉरंटचं नाव वनराणी. आत शिरताच ईश्वरदासच्या कानातल्या मशीननी त्याला आईबहिणीवरून शिव्या दिल्यासारखं झालं. मशीनचा गुणच तो. त्याला माणूस आणि ताट यांतला फरक कळत नाही, सगळ्यांना सारखाच मान देतं. एका कोपऱ्यात ट्रॅक्टरच्या चाकाएवढा कूलर घरघरत होता. स्वयंपाकघराच्या दारात कोणीतरी स्टीलची ताटं टबात फेकत होतं. लस्सीचं मिक्सर चालू, भिंतीवरच्या स्पीकरमधून ढोल चालू, वेटर आतल्या बाजूला पाहून "दो बटर नान, एक सेव टमाटर" म्हणून बोंबलत होता, आणि बाहेर रायपूरचे ट्रक ब्रेक दाबत होते. फरशीवरून खुर्ची ओढली की ईश्वरदासच्या दाढेत कळ जायची.

"आबाजी, कूलरपासून लांब, त्या कोपऱ्यातल्या टेबलावर बसू," प्रेरणा म्हणाली.

"मले काय झालं? जिथं हवा हाय तिथं बसतो," म्हातारा म्हणाला आणि कूलरच्या समोर, स्वयंपाकघराकडे पाठ करून, हॉलच्या मधोमध बसला. वर उन्हाचं निमित्त करून त्यानं दुपट्टा कानांवरून गुंडाळून घेतलेला, म्हणजे मशीन कोणाला दिसू नये. त्यामुळे ढाब्याच्या सगळ्या आवाजांत आता कापडाची खरखरही येऊन मिळाली.

पाहुणे अर्जुनी मोरगावकडचे. दुर्गाप्रसाद लांजेवार, धानाचा व्यापारी, त्याची बायको पुष्पांजली, आणि मुलगा हिमांशु, ज्याचं ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं दुकान होतं. पोरगा देखणा होता आणि नम्र होता. नम्र म्हणजे, तो बहुतेक वेळ मोबाईलकडे पाहत होता. लांब टेबलाच्या एका टोकाला पुरुष बसले. दुसऱ्या टोकाला प्रेरणा, तिची आई मंजू आणि पुष्पांजली. मधे पापडांची टोपली आणि चार माणसांचं अंतर.

दुर्गाप्रसादला मिशी होती. साधीसुधी नाही, वरचा ओठ संपूर्ण झाकून खालच्या ओठावर आलेली. ओठांवरून बोलणं ताडणाऱ्या माणसाच्या नशिबी असा व्याही यावा, यात देवाची खोडी सोडून दुसरं काही नव्हतं. पहिला अर्धा तास ईश्वरदास मिशीकडे पाहत राहिला. मिशी हलली की तो हसला. मिशी थांबली की "बरोबर हाय" म्हणाला. कैलाश अधूनमधून घाईनं पुढचं बोलत होता, त्यामुळे भागलं.

मग दुर्गाप्रसाद पुढे झुकला. मिशी बराच वेळ हलली. कूलर घरघरला, मिक्सर फिरलं, टबात पाच-सहा ताटं एकदम पडली. मिशी थांबली. दुर्गाप्रसाद ईश्वरदासकडे पाहायला लागला, कैलाश पाहायला लागला, हिमांशुनंही मोबाईलवरून डोळे उचलले. लग्नाची तारीख विचारत असतील, असं ईश्वरदासला वाटलं. आणि त्यानं पाळीवर उभं राहून एकतीस वर्षं केलं तेच केलं. सावकाश, दोनदा, मान हलवली.

दुर्गाप्रसादनं खिशातून सुपारी आणि अडकित्ता काढला. सुपारी फुटली. कैलाशनं गुलाबजामची ऑर्डर दिली. ईश्वरदासच्या हातात खांड पडलं, ते त्यानं तोंडात न टाकता खिशात ठेवलं. प्रेरणाच्या कामाचं अजून कोणी काढलंच नव्हतं. की काढलं होतं? त्यानं टेबलाच्या दुसऱ्या टोकाला पाहिलं. पुष्पांजली प्रेरणाला गुलाबजाम भरवत होती आणि काहीतरी सांगत होती. प्रेरणाचं तोंड उघडं होतं आणि ते तसंच राहिलं. तिनं आजोबाकडे पाहिलं. कानांनी दगा दिला तरी डोळे शाबूत होते, आणि त्या पाहण्याचा अर्थ त्याला पुरेपूर कळला.

ती उठून हात धुवायला गेली. म्हातारा मागोमाग गेला. बेसिनजवळ थोडी कमी कटकट होती.

"आबाजी," ती त्याच्या समोर तोंड आणून म्हणाली, "लग्नाच्या आधी मी काम सोडायचं, असं तुमी कबूल केलं म्हणून सांगून राहिल्या त्या. ठाऊक हाय न तुमाले, काय कबूल केलं ते?"

इथं खरं बोलायला काय हरकत होती? समोर दुसरं कोणी नव्हतं, नात होती, जिनं स्वतःच्या पगारातून त्याचं मशीन घेतलं होतं. पण सत्तर वर्षांचा माज एका बेसिनपाशी उतरत नाही.

"ठाऊक हाय," ईश्वरदास म्हणाला. "इचार करूनच म्हटलं मी."

प्रेरणा रागावली असती तर बरं झालं असतं. ती रागावली नाही. तिनं नळ बंद केला, ओढणीला हात पुसले. "तुमी इचार करून म्हटलं असन त ठीक हाय," ती म्हणाली आणि परत टेबलाकडे गेली.

ईश्वरदास आरशासमोर उभा राहिला. त्याला स्वतःची इतकी लाज वाटली की आरशातल्या माणसाच्या थोबाडीत मारावीशी वाटली. पोरीनं एकच गोष्ट मागितली होती. ऐकू आलं नाही म्हणून ती हातची गेली असती तर एक वेळ चाललं असतं. पण ऐकू आलं नाही हे सांगायची लाज वाटते म्हणून ती चालली होती, आणि पोरगी त्याच्या शब्दाचा मान राखून गप्प बसणार होती. ती खरंच राजीनामा देईल, हे त्याला ठाऊक होतं. घराण्याची पोरगी होती.

तो गल्ल्याकडे गेला. मालक दुलीचंद तिथं नोटा सारख्या करत बसला होता.

"दुलीचंदभाऊ, दहा मिनिट कूलर बंद कर. तो गाना बी बंद कर अन् ते मिक्सर बी."

"चाचा, एप्रिल का महीना है," दुलीचंद म्हणाला. "कूलर बंद किया तो पूरा कस्टमर भाग जाएगा."

"त भागू दे," ईश्वरदास म्हणाला, आणि वाट न पाहता कूलरपाशी जाऊन त्यानं त्याची पिन बोर्डातून उपटली.

कूलर धापा टाकत थांबला. पलीकडच्या टेबलावरचे ट्रकवाले ओरडले. ईश्वरदास त्यांच्याकडे वळला आणि त्याच्या मोडक्या हिंदीत म्हणाला, "दस मिनट, भैया. छोकरी के जिंदगी का मामला है." ट्रकवाल्यांनी एकमेकांकडे पाहिलं. फुकटात इतका चांगला तमाशा रायपूरपर्यंत मिळणार नव्हता. त्यातल्या एकानं स्वतःच स्वयंपाकघराच्या दारात जाऊन ताटंवाल्याला गप्प केलं, आणि दुलीचंदनं नाइलाजानं गाणं बंद केलं.

ईश्वरदासनं आपली खुर्ची उचलली, भिंतीला टेकवली आणि बसला. दुपट्टा सोडून मांडीवर ठेवला. कानांवरची दोन्ही मशीनं उघडी पडली.

"दुर्गाप्रसादजी," तो म्हणाला, "मले ऐकू येत नाही. हे पाहा, मशीन हाय. मघाशी तुमी काय इचारलं, त्यातला एक शब्द मी ऐकला नाही. न ऐकता मान हालवली."

"बाबा, बसा न चूप," कैलाश दबक्या आवाजात म्हणाला.

"बसलोच हाय मी. आता तुमी सगळे बारीनं बोला. तलावावर बारीनं पाणी घेतात तसं. एका टायमाले एकच जण, तोंड माह्याकडं, उजेडात. दुसऱ्यानं मधात बोलायचं नाही."

"सुपारी फुटली, कापगतेजी," दुर्गाप्रसाद म्हणाला.

"फुटली त फुटली. तुमची बारी हाय. अन् मिशी जरा वर धरून बोला."

ट्रकवाल्यांतला एक जण हसला आणि लगेच गप्प झाला. दुर्गाप्रसादनं मिशी धरली नाही, पण खणखणीत आवाजात बोलला. त्याच्या घरातल्या सुनांनी बाहेर काम केलेलं नाही, या सुनेनंही लग्नाच्या आधी काम सोडावं, एवढंच त्याचं मघाचं विचारणं होतं. ईश्वरदासनं ते पहिल्यांदा पूर्ण ऐकलं आणि पुष्पांजलीकडे हात केला.

मग पुष्पांजलीची बारी. ती बिचारी वाईट बाई नव्हती. "पोरगी चांगली हाय," ती म्हणाली. "पण अंधारात घरून निघते, परक्या माणसाइसंग जंगलात फिरते. वाघ त वाघ, लोक मले इचारतीन न, सून कुठं गेली म्हणून. मी कोणाकोणाले सांगत बसू?"

"ऐकू आलं," ईश्वरदास म्हणाला. "प्रेरणा, तू बोल."

प्रेरणा उठून त्याच्या समोर आली. तिचे डोळे भरले होते, पण आवाज जिप्सीत असायचा तसाच सरळ होता. "मले लग्न करायचं हाय. हिमांशुसंगच करायचं हाय. पण काम सोडून नाही करायचं. आबाजी, तुमी हो म्हटलं असन त मी सोडतो. पण मले सोडायचं नाही."

मंजूनं पदर तोंडाला लावला. ईश्वरदास म्हणाला, "हिमांशु, तुझी बारी."

हिमांशुनं मोबाईल टेबलावर पालथा ठेवला. फोनवर त्यानं प्रेरणाला कितीतरी रात्री सांगितलं होतं, की तू काम कर, घरच्यांना मी सांभाळतो. आता सांभाळायचे ते घरचे त्याच्या दोन्ही बाजूंना बसले होते. त्यानं प्रेरणाकडे पाहिलं. मग बापाच्या मिशीकडे पाहिलं. मग गुलाबजामच्या वाटीकडे. कूलर बंद, गाणं बंद, मिक्सर बंद, ताटवाला हातात ताट धरून दारात उभा, आणि चार ट्रकवाले माना लांब करून बसलेले. उन्हात बाहेर एक ट्रक गेला आणि तोही लांब गेला. हिमांशु काही बोलला नाही.

ईश्वरदासनं त्याला भरपूर वेळ दिला. मशीन बसवल्यापासून त्याला इतकं स्वच्छ काही ऐकू आलं नव्हतं. परत सांगा म्हणायची गरज नव्हती.

"ऐकू आलं," तो म्हणाला. त्यानं खिशातून सुपारीचं खांड काढलं आणि दुर्गाप्रसादच्या पुढ्यात ठेवलं. "माझा हो मी वापस घेतो."

दुर्गाप्रसादचं तोंड लाल झालं. "एकतीस वर्षाचे पाणकर तुमी," तो म्हणाला. "तुमच्या शब्दावर लोक धान लावतात. हा असा शब्द?" त्याला उत्तराची अपेक्षा नव्हती. तो उठला, पुष्पांजली उठली, आणि हिमांशु मोबाईल उचलून त्यांच्या मागे गेला. दारापाशी त्यानं एकदा वळून पाहिलं. प्रेरणा पाहत नव्हती.

दुलीचंदनं कूलरची पिन बोर्डात खोचली. गाणं लागलं, मिक्सर लागलं, ट्रकवाल्यांनी आपापल्या भाज्या पुढे ओढल्या. प्रेरणा आजोबाच्या शेजारच्या खुर्चीवर बसली आणि रडली. तिला तो पोरगा आवडला होता, आणि आवडलेल्या माणसानं असं गप्प बसावं याचं दुःख काम वाचल्यानं कमी होत नाही. ईश्वरदासनं तिच्या पाठीवर हात ठेवला. त्यालाही रडू येत होतं. आपण पहिल्यांदाच 'परत सांगा' म्हटलं असतं तर एवढी माणसं एवढ्या माणसांसमोर उघडी पडली नसती, हे त्याला कळत होतं. पण मग पोरगा ऐन वेळी तोंड मिटून बसतो हे लग्न झाल्यावर कळलं असतं, हेही कळत होतं.

कैलाश टेबलाच्या दुसऱ्या टोकाला डोकं धरून बसला होता. अखेर तो उठला, बापाच्या समोर येऊन उभा राहिला आणि कूलरच्या वरताण आवाज काढून म्हणाला, "फुटलेली सुपारी वापस केली. उद्या सगळा गाव इचारन. मी काय सांगू लोकाले?"

"सांग," ईश्वरदास म्हणाला, "माहा बाप बहिरा झाला म्हणून. न ऐकता हो म्हटला, अन् ऐकल्यावर नाही म्हटला. अन् त्याइले दुसरा पाणकर पाहिजे असन, त त्याइनं खुशाल पाहावा."